दुःखाने माणूस घडतो का? देवीपरंपरा आणि व्यसनमुक्ती

घटस्थापनेला दारू सोडणारे महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. कुणी नऊ दिवसांपुरती सोडतो. कुणी तुळजापूरला किंवा वणीच्या गडावर जाऊन कायमची सोडल्याची शपथ घेतो, तर कुणाला घरचीच माणसं गाडीत घालून देवीपुढे उभं करतात. त्यातले काही खरोखर सुटतात, बरेच जण दसऱ्याची संध्याकाळ उलटायच्या आत गुत्त्यावर परततात. सुटलेला माणूस ‘आईनं सोडवलं’ असं म्हणतो आणि त्याच्यापुरता विषय तिथे संपतो. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांसाठी, धर्माचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी तो तिथे सुरू होतो. सोडवलं ते देवीनं, शपथेनं, सोबतीनं, की त्याआधी जे भोगावं लागलं त्या भोगण्यानं?

प्रश्न केवढ्या माणसांचा आहे, हे आधी पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात 10 ते 75 वयोगटातले 14.6 टक्के लोक, म्हणजे सुमारे 16 कोटी, दारू पितात. त्यातल्या 5.7 कोटींना मदतीची गरज आहे आणि जवळपास 2.9 कोटी दारूवर पूर्ण अवलंबून आहेत. अशा अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठल्या तरी प्रकारचे उपचार मिळाल्याचं त्या पाहणीत आढळलं. बाकीच्या 37 जणांकडे देव, नवस, घरचे आणि स्वतःचा निश्चय एवढंच असतं. त्यामुळे देवीचा विषय बाजूला ठेवून व्यसनमुक्तीचा आढावा आपल्याकडे पुरा होत नाही.

पोथी काय सांगते

नवरात्रात घरोघरी वाचली जाणारी सप्तशती, म्हणजेच देवीमाहात्म्य, हा मार्कंडेय पुराणाचा भाग. अध्याय 13, मंत्र 700. अभ्यासक तिचा काळ साधारण पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास धरतात. पाठ करताना लक्ष महिषासुराकडे आणि शुंभ-निशुंभांकडे असतं. पण ज्या कथेच्या पोटात ही युद्धं येतात ती दोन हरलेल्या माणसांची आहे. सुरथ राजाचं राज्य गेलं, त्याच्याच अमात्यांनी खजिना लुटला आणि शिकारीचं निमित्त करून तो एकटाच रानात निघून आला. समाधी नावाच्या वैश्याला पैशाच्या लोभाने बायकोमुलांनी घराबाहेर काढलं. दोघे मेधा ऋषींच्या आश्रमात भेटतात आणि एकमेकांना जे सांगतात ते व्यसनमुक्ती केंद्रातल्या कुठल्याही शेअरिंगमध्ये आजही ऐकू येईल. ज्यांनी मला बाहेर काढलं त्यांच्याकडेच मन ओढ घेतं, हे चूक आहे हे कळतं, तरी मन वळत नाही, असं का?

मेधा ऋषी त्यांना दुबळ्या मनाचे म्हणून झिडकारत नाहीत. जाणत्यांचंही मन महामाया बळाने ओढून नेते, असं ते सांगतात आणि तिथून देवीची कथा सुरू होते. कळतं पण वळत नाही, ही अवस्था पापात जमा न करता माणसाच्या मूळ अडचणीत जमा करणारा इतका जुना ग्रंथ आपल्या घरात आहे आणि त्याची ही बाजू फार कमी सांगितली जाते, असं मला वाटतं. आठव्या अध्यायातला रक्तबीज त्याहून जास्त सांगितला जातो. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून दुसरा तसाच असुर उभा राहतो, आणि शेवटी चामुंडा तो थेंब जमिनीवर पडायच्या आत पिऊन टाकते. एका घोटाने तलफ पुन्हा जागी होते हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना ही कथा समजावून द्यावी लागत नाही.

कथेचा शेवटही नीट पाहण्याजोगा आहे. दोघे नदीकाठी देवीची मातीची मूर्ती करून तीन वर्षं उपासना करतात. देवी प्रसन्न झाल्यावर सुरथ गेलेलं राज्य मागतो, समाधी ज्ञान मागतो, आणि दोघांनाही मागितलं ते मिळतं. एवढं सोसलं म्हणून प्रत्येकाला ज्ञानच हवं असलं पाहिजे, असा आग्रह देवी धरत नाही.

नैवेद्यातली दारू

देवीला दारूच्या विरोधात उभं करणं मात्र इतकं सोपं नाही. सप्तशतीच्या तिसऱ्या अध्यायात महिषाला मारण्याआधी देवी स्वतः मद्य पिते. शाक्त तंत्रातल्या पंचमकारांमध्ये पहिला मकार मद्याचाच. महाराष्ट्रातल्या अनेक ग्रामदेवतांना कोंबडं-बकऱ्याबरोबर दारूही चालते, आणि आदिवासी समाजांत मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडल्याशिवाय कित्येक विधी पुरे होत नाहीत.

यावर परंपरेच्या आतूनच दोन मतं आहेत. एक मत असं की विधीतली दारू मोजून, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांदेखत घेतली जाते, म्हणून ती व्यसनाला बांध घालते. तिला पापी ठरवणं ही बाहेरून आलेली सोवळी दृष्टी आहे. दुसरं मत कुलार्णव तंत्रासारख्या कौल ग्रंथातच सापडतं: पिण्यानेच सिद्धी मिळत असती तर सगळे दारूडे सिद्ध झाले असते. आज केंद्रात काम करणारे समुपदेशक या वादात फारसे शिरत नाहीत. पण प्रसादाच्या घोटभर दारूने पुन्हा सुरुवात झालेला माणूस त्यांच्याकडे येतो तेव्हा तो वाद त्यांच्या टेबलावर असतोच.

1922: देवी दारू सोडायला सांगते

देवी आणि दारूबंदी यांची गाठ सर्वांत ठळकपणे पडली ती शंभर वर्षांपूर्वी, आणि तिची सुरुवात आजच्या महाराष्ट्रात झाली. 1922 च्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छिमार वस्त्यांत देवी येऊ लागली. सुरुवातीला तो रोगाची देवी शांत करण्याचा नेहमीचा विधी होता. तिथून तो जव्हार, सुरगाणा, धरमपूर असा डोंगराळ भागातून पसरत गेला, त्याचं रूप बदललं, आणि वर्षअखेरीस सुरत जिल्ह्यात पोचला तेव्हा त्यातून एक स्पष्ट आज्ञा निघू लागली होती. ही देवी पूर्वेकडच्या डोंगरांतून आलेली सलाबाई आहे असं लोक म्हणत. माळावर मांडव पडे, गावंच्या गावं जमत, ज्यांच्या अंगात येई ते मान हलवत, घुमत देवीचं म्हणणं सांगत. दारू आणि ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, दारू विकणाऱ्याच्या कामावर जाऊ नका.

ही शेवटची आज्ञा कळायला थोडी मागची हकीकत लागते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती दारू गाळणं बेकायदा ठरवलं. मोहाची फुलं दारात पडत होती, पण त्यांची दारू आता मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची, आणि हे मक्ते बहुतेक पारशी व्यापाऱ्यांकडे. पैसे नसले तर उधारी, उधारी फिटली नाही तर वेठ, आणि शेवटी जमीन जायची. इथे पिणाऱ्याच्या चारित्र्याचा प्रश्न फार पुढचा. दारू ही या माणसांच्या गुलामीची वहीच झाली होती.

इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी ‘द कमिंग ऑफ द देवी’ या 1987 च्या पुस्तकात गावोगाव फिरून या चळवळीचा शोध घेतला. तिच्या अर्थाबद्दल तीन मतं मांडली जातात. राष्ट्रीय चळवळीतल्या कार्यकर्त्यांना ती गांधीजींच्या प्रभावाने झालेली जागृती वाटली. त्यांनी तिला खादी आणि चरख्याकडे वळवलं, 1923 मध्ये आदिवासींची परिषद भरवली. काही समाजशास्त्रज्ञ तिला वरच्या जातींच्या आचारांचं अनुकरण मानतात. हार्डिमन यांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते वरच्यांचे आचार आदिवासींनी उचलले ते त्यांची बरोबरी करून सावकार आणि मक्तेदार यांची पकड तोडण्यासाठी, आणि देवी हे त्यांना एकत्र बोलण्याचं माध्यम मिळालं. मला हे तिसरं मत सर्वांत पटणारं वाटतं, कारण दारूविक्रेत्यावरचा बहिष्कार बाकी दोन मतांनी नीट उलगडत नाही.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. काही काळाने गावांमध्ये दोन तट पडले. सोडलेली दारू सोडूनच ठेवणारे वर्जेला आणि पुन्हा पिऊ लागलेले सर्जेला. एकाच कुटुंबात, एकाच भावकीत हे तट होते. व्यसनमुक्तीत ज्याला आज रिलॅप्स म्हणतात त्याचं हे गावाच्या पातळीवरचं रूप. जिथे आश्रम, शाळा, बैठका असं काही चालू राहिलं तिथे वर्जेला टिकून राहिल्याचं दिसतं.

बारा पायऱ्या आणि मुखत्यारपत्र

दुसरा प्रवाह अमेरिकेतून आला. 1935 मध्ये ॲक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारूड्यांनी एकमेकांना धरून दारू सोडली आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. भारतात तिच्या बैठका 1950 च्या दशकात सुरू झाल्या आणि आता महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा देवळाच्या सभागृहात त्या भरतात. तिच्या बारा पायऱ्यांतल्या पहिल्या तीन अशा की आपण दारूपुढे हरलो हे कबूल करायचं, आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला सावरू शकेल असं मानायचं, आणि आपल्याला उमगलेल्या देवाच्या हाती स्वतःला सोपवायचं. हा देव कोणता, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कार्ल युंग यांनी 1961 मध्ये विल्सन यांना लिहिलेल्या पत्रात दारूच्या ओढीमागे पूर्णत्वाची आध्यात्मिक तहान असते असं मत मांडलं होतं, आणि या चळवळीत ते आजही आधारासारखं सांगितलं जातं.

आपल्याकडे याला सर्वांत जवळ जाणारं उदाहरण बंगालमधलं आहे. नाटककार गिरीशचंद्र घोष (1844–1912) अट्टल पिणारे होते. दक्षिणेश्वरच्या कालीचे उपासक रामकृष्ण परमहंस यांनी त्यांना दारू सोड असं सांगितलं नाही. सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेशील का, एवढंच विचारलं. तेवढंही जमेल अशी गिरीशबाबूंना खात्री नव्हती. मग सगळा भार माझ्यावर टाक, मला मुखत्यारपत्र दे, असं रामकृष्ण म्हणाले. सुटलो असं वाटून गिरीशबाबूंनी होकार दिला. पण सर्वस्व दुसऱ्याच्या हाती दिल्यावर प्रत्येक पावलाला, प्रत्येक श्वासाला आपलं काही उरलं नाही याची आठवण ठेवावी लागते आणि ते जपजाप्यापेक्षा कितीतरी कठीण, असं त्यांनी पुढे सांगितलं. भक्तांच्या आठवणींनुसार त्यांची दारू हळूहळू सुटली. कुणी बंदी घातली म्हणून ती सुटली नव्हती. ही कथा सांगणाऱ्यांचा रोख तिच्यातल्या कृपेकडे असतो. व्यसनमुक्तीच्या बाजूने पाहणाऱ्याला मात्र दिसतं ते असं, की पिऊन आलेल्या माणसासाठी दार बंद झालं नाही.

पश्चिमेत गेल्या काही दशकांत काली आणि दुर्गा या मोडलेल्या, सावरणाऱ्या माणसाच्या, विशेषतः स्त्रीच्या देवता म्हणून योगवर्गांतून आणि आत्मकथनांतून मांडल्या जातात. रॅचेल मॅकडर्मट आणि जेफ्री क्रायपल यांनी संपादित केलेल्या 2003 च्या ‘एन्काउंटरिंग काली’मध्ये या वाचनाची चर्चा आहे. विधी, जात, गाव यांपासून तोडलेली देवी आपल्या सोयीची होते, हा आक्षेप खरा आहे. पण गरजू माणूस देवी आपल्या पद्धतीने घेतो हे बंगालातही होत आलं आहे आणि तुळजापुरातही.

महाराष्ट्रातली केंद्रं आणि विवेकवादी बाजू

पुण्याचं मुक्तांगण 1986 मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलं. अनिल अवचटांचं ‘गर्द’ हे लेखन वाचून महाराष्ट्राला ब्राऊन शुगरचं संकट कळलं होतं. मुक्तांगणने औषधोपचार, बारा पायऱ्यांमधला प्रामाणिकपणा, योग, संगीत आणि घरच्यांचा सहभाग यांची एक मराठी घडण तयार केली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था उभी केली. अंधश्रद्धा निर्मूलनाचं आयुष्यभराचं काम करणारा माणूस व्यसनमुक्तीकडेही वळतो, यात मला मोठी सुसंगती दिसते. दोन्हीकडे माणसाला त्याच्या निर्णयाची सूत्रं परत मिळवून द्यायची असतात.

विवेकवादी भूमिका थोडक्यात अशी: व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि उपचारांच्या आड येणारी कोणतीही श्रद्धा जिवावर बेतते. दारू झटक्यात थांबवली की शरीर उसळून उठतं. पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना डिलिरियम होतो. माणूस कुठे आहोत हे विसरतो, भिंतीवर किडे, सोप्यात माणसं दिसू लागतात, तो कुणाशी तरी बोलू लागतो. घटस्थापनेला पिणं बंद केलेल्या घरात तिसऱ्या माळेला हे घडलं तर ते देवीचा कोप किंवा अंगात येणं वाटणं अगदी शक्य आहे. त्याला त्या वेळी लागतो तो दवाखाना, शिरेतून बी-वन जीवनसत्त्व आणि झटके आवरणारं औषध. नाही मिळालं तर तो दगावू शकतो. अंगात दैवी शक्ती आल्याचं भासवून भीती घालणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्याने पूजा, नवस, वारी यांना हात लावलेला नाही.

श्रद्धेच्या बाजूचं उत्तरही वजनदार आहे. वारकऱ्याने गळ्यात माळ घातली की दारू सुटते ती गावाच्या साक्षीने. त्याला पुन्हा कुणी आग्रह करत नाही, ओट्यावरची बैठक बदलते, संध्याकाळ भजनात जाते. ही व्यवस्था फुकट आहे, गावातच आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. इतकी माणसं उपचारांविना असताना ती मोडीत काढणं परवडणारं नाही.

संशोधन कुठवर आलं

2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 लोकांची माहिती एकत्र पाहिली गेली. बारा पायऱ्यांशी जोडून देणारे आखीव उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभराने 42 टक्के लोक सलग दारूपासून दूर होते. वर्तनचिकित्सेसारखे इतर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण 35 टक्के होतं. हे का घडतं याचा शोध जॉन केली आणि इतरांनी घेतला तेव्हा सर्वांत मोठा वाटा मिळाला तो मित्रपरिवार बदलण्याचा आणि ‘मला जमेल’ या विश्वासाचा. अध्यात्माचा वाटा मिळाला, पण तो व्यसन अधिक गंभीर असलेल्यांमध्ये जास्त. हे अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेतले आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे जेजुरी-कोल्हापूरला लावता येणार नाहीत.

दुःखातून वाढ होते का, यावर वेगळं संशोधन आहे. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी 1990 च्या दशकात आघातानंतरच्या वाढीची कल्पना मांडली. वाढ आघातामुळे होत नाही, त्याच्याशी झुंजताना होते, असं त्यांनीच स्पष्ट केलं होतं. हा भाग उद्धृत करताना बहुतेक जण विसरतात. 2009 मध्ये पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी आघाताच्या आधी आणि नंतर मोजून पाहिलं, तेव्हा ‘मी बदललो’ असं सांगणं आणि प्रत्यक्ष बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवूड यांनी त्याआधीच, 1980 च्या दशकात, अध्यात्माच्या आडोशाने दुखणं टाळण्याच्या सवयीकडे बोट दाखवलं होतं. व्यसन सुटल्यावर देवधर्मात बुडून घरच्यांच्या देण्याघेण्याकडे, मुलांच्या रागाकडे पाठ फिरवणारी माणसं केंद्रांना नवी नाहीत.

सोसणारीचं काय

या चर्चेत एक माणूस सतत कडेला राहतो. व्यसन नवऱ्याचं, शपथ नवऱ्याची, उन्नती नवऱ्याची, भोगलं बायकोने. दुःखाने माणूस उजळतो हे वाक्य तिला ऐकवलं की त्याचा अर्थ आणखी सोस असा होतो. देवीच्या कथाही तिच्या बाजूने सरळ उभ्या नाहीत. रेणुकेचं शीर तिच्याच मुलाने उडवलं आणि मग ती पुजली गेली. देवीपूजेने स्त्रीचं बळ वाढतं की तिचं सोसणं पवित्र ठरतं, या प्रश्नावर आल्फ हिल्टेबायटेल आणि कॅथलीन एर्नडल यांनी 2000 मध्ये एक अख्खा लेखसंग्रह काढला आणि त्यातही अभ्यासकांचं एकमत नाही.

मुक्तांगणमध्ये व्यसनींच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. तिथे पहिली गोष्ट शिकवली जाते ती अशी की त्याचं पिणं तुझ्यामुळे नाही. गावपातळीवर बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानातून दुकानं बंद पाडली, गडचिरोलीत लोकचळवळीतून 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपूरची 2015 ची बंदी मात्र 2021 मध्ये उठली आणि बंदीने पिणं थांबतं का, हा वाद पुन्हा वर आला. स्वतः व्यसनात अडकलेल्या बाईचा प्रश्न तर अजून नीट विचारलाही गेलेला नाही; मिश्री आणि तंबाखूला तर आपण व्यसन म्हणायलाही तयार नसतो.

काय अनिर्णित आहे

देवीची शपथ घेऊन दारू सोडणाऱ्यांपैकी किती जण वर्षभर टिकतात, याचा पाठपुरावा व्हायला हवा. नवरात्र दरवर्षी येतं, देवस्थानं ठरलेली आहेत, जिल्हा रुग्णालयं शेजारी आहेत. असा अभ्यास अवघड नाही. श्रद्धा काम करते की सोबत, हेही सुटं झालेलं नाही. सुरथ आणि समाधी एकटे राहिले नाहीत, 1922 मध्ये गावं मिळून उठली, ॲक्रनमध्ये दोघे होते. मला सोबतीचं पारडं जड वाटतं. पण ज्याची सगळी माणसं तुटली आहेत, त्याला पहिली सोबत देवीचीच वाटत असेल, तर ती त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कुणाला नाही. तसंच देव न मानणाऱ्याला श्रद्धेच्या अटीवर उपचार देणंही योग्य नाही.

या नवरात्रात तुमच्या घरात कुणी दारू सोडायचा संकल्प करणार असेल आणि तो रोज पिणारा असेल, तर घट बसायच्या आधी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. शपथ तशीच राहू द्या. थरथर, फिट किंवा भास दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठा. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि तो टोल-फ्री आहे.